जिरानीचे अठरा डबे

आधीच सांगून टाकतो. माझ्या आईची जिरानियमची अठरा झाडं मी मारली आणि त्याचा आळ माझ्या वहिनीवर येऊ दिला. झाडं मेली ती माझ्या आळसामुळे, असं म्हणून थोडी सुटका करून घेता येईल. आळ येऊ दिला तो मात्र पूर्ण शुद्धीत, ओट्याच्या खांबाला टेकून, हाताची घडी घालून. तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो, आता पन्नाशीला टेकलो आहे. मधली सगळी वर्षं मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतोय, कारण पुढे घरादाराचं वर्णन करता करता मी स्वतःची बाजू मांडायला लागेन अशी मला भीती वाटते. तसं कुठे झालं तर वाचणाऱ्याने ओळखावं आणि माझ्यावर विश्वास ठेवू नये.

धाडहून बुलढाण्याकडे निघालं की थोड्या वेळाने डाव्या हाताला फाटा लागतो. तिथून आत कच्च्या रस्त्याने आमचं गाव. घर फाट्यावरून दिसणारं, टिनाचं, तीन खोल्यांचं. समोर शेणाने सारवलेला लांबलचक ओटा, त्यावर पुढे आलेली टिनाची पडवी आणि तिला आधार म्हणून सागाचे दोन खांब. पहाटे फाट्यावर बुलढाण्याची पहिली एसटी वळायची तेव्हा तिच्या गिअरचा घरघराट घरात ऐकू यायचा, आणि त्याच सुमाराला आईच्या भाकरी थापण्याचा आवाज सुरू व्हायचा. एसटी निघून जायची, थापणं चालूच राहायचं. हिवाळ्यात चुलीपुढे बसून आम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा आणि वर करडईचं तेल असं खायचो. बाबा फार बोलत नसत. माझा मोठा भाऊ, त्याला मी दादा म्हणतो, बाबांबरोबर शेती बघायचा. मी बुलढाण्याच्या कॉलेजात अकरावी सायन्सला होतो. घरात मीच काय तो शिकणारा, त्यामुळे पंपाच्या डब्यावरची, औषधाच्या बाटलीवरची इंग्रजी अक्षरं वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे होतं आणि त्याचा मला फार गर्व होता.

त्या घरात जिरानियम कसं आलं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण आई ते सगळ्यांना सांगायची. माझ्या जन्माच्या वेळी तिला बुलढाण्याच्या दवाखान्यात बरेच दिवस राहावं लागलं. तिथल्या एका सिस्टरच्या क्वार्टरपुढे कुंड्यांतून लाल फुलांचे गुच्छ होते. आई रोज खिडकीतून तेच बघायची. घरी निघताना त्या बाईने एक फांदी तोडून, ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिली. एका हातात मी आणि दुसऱ्या हातात ती फांदी, अशी आई एसटीने घरी आली. नाव तिला नीट उच्चारता येत नसे म्हणून ती म्हणायची जिरानी. त्या जिरानीचं आणि माझं वय एक. आई थट्टेने म्हणायची की दोघांतली जिरानी जास्त ऐकते.

बुलढाण्याची हवा घाटावरची, थंड. आमच्या गावाला त्यातली थोडी मिळायची, म्हणूनच ते झाड टिकलं. खाली मलकापूरकडे ते एक उन्हाळा काढत नाही, हे मी पुढे स्वतः अनुभवलं. पण हवेपेक्षा मोठी अडचण मातीची होती. आमची माती काळी, कपाशीची. पाणी धरून ठेवते. जिरानीला पाय ओले राहिलेले चालत नाहीत, बुडातून काळी पडून सडते. पहिल्या वर्षी निम्मी फांदी सडली तेव्हा आईने कुणालाही न विचारता डोंगराच्या बाजूचा लाल मुरूम घमेल्याने आणला, त्यात शेणखत आणि चुलीची राख कालवली, तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यांना खिळ्याने बुडाशी भोकं पाडली. पाणी देण्याआधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसून बघायचं. ओलं लागलं तर परत फिरायचं. पाणी पानावर नाही, बुडाशी. सुकलेला फुलांचा तुरा ओढायचा नाही, सांध्याशी धरून बाजूला वाकवायचा, म्हणजे तो कट्‌कन आपोआप सुटतो. हरभऱ्याचे शेंडे खुडतात तसे हिचेही खुडायचे, म्हणजे झाड उंच न जाता भरतं. पावसाळ्यात सगळे डबे पडवीखाली भिंतीशी ओळीने. पान चुरगळलं की बोटांना एक उग्र वास येतो, थोडा लिंबासारखा, थोडा ओल्या लोखंडासारखा.

शोभावहिनी खामगावची. तिचं लग्न होऊन ती आली तेव्हा अठरा वर्षांची असेल, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मला भाऊजी म्हणायची, अहो-जाहो करायची आणि त्याच आदराने माझी टर उडवायची. "भाऊजी, तुमचं सायन्स म्हनते का, ताट उचलून ठेवलं तं हात झडते?" असं आईसमोरच विचारायची. आई कडक होती. सुनेने भाकरी जाड केली, डोक्यावरचा पदर घसरला, विहिरीवर बोलत उभी राहिली, सगळ्यावर तिची नजर असे. वहिनीला पहिलं वर्षभर आईशी काय बोलावं तेच कळत नव्हतं. ते कळलं जिरानीमुळे. एका दुपारी आईने खुडलेले शेंडे उकिरड्यावर टाकायला दिले, ते वहिनीने टाकले नाहीत. सावलीत सुपात एक दिवस पडू दिले, चीर सुकून कोरडी झाली तेव्हा रेतीत खोचले. आई हसली होती, म्हणाली, ताजी फांदीच जगत नाही, ही सुकवून लावते. त्यातले बहुतेक शेंडे जगले. तोवर आई फांदी तोडली की ओलीच मातीत खोचायची आणि अर्ध्या सडायच्या. वहिनीला हे कुणी शिकवलं नव्हतं. ती म्हणाली, आमच्याकडे कांद्याची मान सुकल्याबिगर साठवत नाहीत, तसंच हे असेल असं वाटलं.

त्या दिवसापासून आईचं बोलणं बदललं. दोघी संध्याकाळी ओट्यावर डब्यांपुढे बसायच्या आणि त्यांचं हळू आवाजात काही ना काही चालायचं. दर आठवड्याला डबे अर्धे फिरवायचे, म्हणजे झाड एकीकडे झुकत नाही, हे दोघी मिळून करायच्या. दोन वर्षांत अठरा डबे झाले. धाडच्या बाजाराला जाणारे लोक फाट्यावर जीपची वाट बघताना आमच्या ओट्याकडे वळून बघत. आई म्हणायची, हे अठराही माझ्या सुनेच्या हाताचे. "हात चांगला हाय शोभीचा," असं ती शेजारच्या बायांना सांगायची, आणि वहिनी ऐकू आलं नाही असं दाखवत चुलीपुढे गाल लाल करून बसायची. हे मी एवढ्यासाठी लिहितो की त्या हातावर पुढे काय आलं ते कळावं.

आमच्या घरात बाईचे चार दिवस पाळत. वहिनी त्या दिवसांत पडवीच्या टोकाशी बसायची. तुळस, लोणच्याची बरणी, वाळत घातलेले पापड आणि जिरानी, एवढ्यांना हात लावायचा नाही. आईही तिच्या वेळी तेच पाळत आली होती. त्यात तिला काही वाईट वाटत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत नव्हतं. त्या हिवाळ्यात आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. तिला लवकरच धरला होता मोतीबिंदू, चुलीच्या धुराने, असं सगळे म्हणत. बुलढाण्याला मामाकडे राहून ऑपरेशन करायचं आणि बारा-तेरा दिवसांनी परत यायचं. जिरानी तेव्हा ऐन बहरात होती. आई जाताना ओट्यावर उभी राहिली, एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. म्हणाली की दोन वर्षं झाली, तिला लाल रंग नुसता डागासारखा दिसतो, डोळा आला की पहिल्यांदा इथेच येऊन उभी राहणार. मग वहिनीला बजावलं की मधे चार दिवस आले तर डब्यांना हात लावू नको, पाण्याचं गजूला सांग. आणि मला म्हणाली, "गजू, आयकून राह्यला ना? बोट खुपसून पायजो, मंगच पानी टाकजो." मी हो म्हणालो.

आई गेल्यावर सहाव्या दिवशी वहिनी बाहेर बसली. डबे माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी मी पाणी घातलं आणि तेव्हा दोन-तीन तुऱ्यांच्या देठांवर मला बारीक हिरवा मावा दिसला. त्याच दिवशी दादाने गव्हावर तणनाशक मारलं होतं. रुंद पानांचं तण जाळणारं औषध, गव्हाला काही करत नाही, पण कपाशीवर त्याचे नुसते शिंतोडे गेले तरी कपाशी पिळवटते. आमच्याकडे पंप एकच होता, म्हणून बाबांचा नियम होता. गव्हाचं औषध मारलं की पंप दोनदा पाण्याने खळबळायचा, मग धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून रात्रभर ठेवायचं, सकाळी पुन्हा धुवायचा, तेव्हाच खुंटीला टांगायचा. दादा दमून आला आणि पंप माझ्यापुढे ठेवून म्हणाला, धुऊन ठेव. मी त्यात तांब्याभर पाणी ओतलं, हलवलं, उकिरड्यावर रिकामं केलं आणि टांगून दिला. मित्र बाहेर उभे होते, त्यांच्या वावरात हुरडा होता. एवढंच कारण. दुसरं काही कारण असतं तर आज मला ते आठवायला आवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोच पंप पाठीला लावला, त्यात माव्याचं औषध झाकणभर घातलं, बाटलीवरचं इंग्रजी मोठ्याने वाचलं, आणि पडवीच्या टोकाशी बसलेल्या वहिनीला म्हणालो, बघा वहिनी, याला म्हणतात सायन्स. ती हसली. पाटीत तुरीच्या शेंगा सोलत होती. आईला सांगू नका, ती आली की माव्याचं नावसुद्धा राहिलेलं नसेल, असं मी म्हणालो आणि अठराही डब्यांवर पानं निथळेपर्यंत फवारलं. पंप उतरवताना झाकण उघडलं तेव्हा आत एक वास आला. माव्याच्या औषधाचा नव्हे, दुसरा, जड, आदल्या दिवशी दादाच्या अंगाला येत होता तो. मी झाकण परत लावलं. तो वास मला कळला होता. नाही कळला, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगून पाहिलं.

फवारल्यावर पाणी द्यायची गरज नाही असं ठरवून मी दोन दिवस डब्यांकडे फिरकलो नाही. चौथ्या दिवशी सकाळी वहिनीने पाहिलं तर पानं देठापासून खाली मान टाकून होती. तिला वाटलं तहानलेली आहेत. तिने मला हाक मारली, मी कॉलेजला निघालो होतो. आल्यावर टाकतो म्हणालो आणि एसटी पकडायला पळालो. ती दुपारपर्यंत थांबली. मग तिने तांब्या घेतला आणि एकेका डब्याच्या बुडाशी पाणी घातलं. ज्या झाडांना ती पाणी घालत होती ती मरायला लागून तेव्हा दोन दिवस झाले होते. पण हे फक्त मला ठाऊक होतं.

पुढच्या तीन-चार दिवसांत त्यांची जी दशा झाली ती सडण्याची नव्हती. सडलं की झाड बुडातून काळं पडतं. हे वरून सुरू झालं. शेंडे पिळलेल्या धोतरासारखे वळले, पानं कानासारखी आत मुडपली, फुलांचे देठ जमिनीकडे वाकून पुन्हा वर वळले. वहिनी दिवसातून दहा वेळा ओट्यावर यायची आणि आत जायची. तिने जेवण टाकलं. मला एकदा विचारलं, "भाऊजी, तुमच्या सायन्समंदी काई इलाज नाई का याले?" मी म्हणालो, बघतो. त्या दिवशी पंप खाली काढला, सोड्याच्या पाण्याने तीनदा धुतला आणि पुन्हा टांगला.

आई दुपारच्या एसटीने आली. डोळ्यांवर काळा चष्मा, मामा बरोबर. शेजारच्या दोघी-तिघी बाया डोळा बघायला अंगणात आल्या होत्या. आईने कुणाशी बोलण्याआधी चष्मा वर केला आणि ओट्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वहिनीकडे वळून तिने अगदी हळू विचारलं, "शोभे, हात लावला का वं तू?"

वहिनी नाही म्हणू शकली असती. पडवीत तेव्हा कुणी नव्हतं, तिला कुणी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "एक खेप लावला, आत्याबाई. चवथ्या दिवशी. पानं सुकल्यावानी दिसली म्हून."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. आईने आवाज चढवला नाही. चष्मा खाली ओढला आणि म्हणाली, "याच्यापक्षा मोतीबिंदू बरा व्हता." तेवढ्यात बाबा बैल बांधून आले. ते कधी त्या डब्यांजवळ जात नसत, पण त्या दिवशी गेले. वाकून एक शेंडा बोटांत धरला, उलटसुलट करून पाहिला. "हे तं कपाशीवर गव्हाचं औषध उडल्यावानी दिसते," म्हणाले. आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी खांबाला टेकून उभा होतो. "पंपाले हात लावला का बे कोनी?"

मी म्हणालो, "नाई."

दादाही म्हणाला की गजूने पंप त्याच दिवशी धुऊन टांगला. बाबांनी हातातला शेंडा टाकून दिला आणि हात धुवायला गेले. वहिनीने तेव्हा माझ्याकडे पाहिलं की नाही, हे मी सांगू शकत नाही, कारण मी तिच्याकडे पाहिलंच नाही. तिने मला फवारताना पाहिलं होतं. पण माझ्या पाठीवर जो पंप होता तो धुतलेला नव्हता हे तिला कुठून ठाऊक असणार. मी माव्याचं औषध मारलं एवढंच तिला दिसलं होतं, आणि तेही तिने सांगितलं नाही. आईला सांगू नका असं मी म्हणालो होतो ना. माझं 'नाई' तिला त्या गुपितापुरतंच वाटलं असणार.

मला त्या घरात कुणी मारलं नसतं. बाबा दोन दिवस बोलले नसते, आई रडली असती, पुढच्या पंधरवड्यात सगळं निवळलं असतं. इतकी छोटी शिक्षा चुकवण्यासाठी मी काय दिलं, हे कळायला थोडा काळ जावा लागला. आई वहिनीला कधी टाकून बोलली नाही, पण संध्याकाळी ओट्यावर दोघींचं बसणं थांबलं. उन्हाळ्यात पापड-कुरडया झाल्या तेव्हा वहिनीला लाटायला बसवलं नाही, तिच्याकडे लाकडं फोडायचं काम आलं. चार दिवस असोत नसोत. बायांमध्ये बोलणं पसरलं की तिचा हात जड आहे. पाऊस पडून सरकी टोबायची, हाताने एकेक बी लावायची वेळ आली तेव्हा शेजारणींच्या ओळीत तिला घेतलं नाही. ओटीत सरकी घेऊन बाया वाकून पुढे सरकत होत्या, गाणी म्हणत होत्या, आणि वहिनी बांधावर तीन दगडांच्या चुलीवर सगळ्यांचा चहा करत होती. मी तो चहा प्यायलो. दोन वर्षांनी नीलेश झाला तेव्हा बोलणं बरंचसं विरलं. पण तोवर वहिनीची टर उडवायची सवय गेली होती. ती पुन्हा कधी आलीच नाही.

मी कृषी पदविका केली आणि कृषी खात्यात लागलो. गेली पंचवीस वर्षं गावोगाव फिरून मी शेतकऱ्यांना जे सांगतो त्यातलं एक वाक्य असं आहे: तणनाशकानंतर पंप तीनदा धुवा, सोड्याने धुवा, मगच दुसऱ्या पिकाला लावा. लोक म्हणतात साहेब हे फार तळमळीने सांगतात. मलकापूरच्या माझ्या भाड्याच्या घरात दर हिवाळ्यात मी एक जिरानियमची कुंडी आणतो. एप्रिलमध्ये ती उन्हाने जाते. मी पुन्हा आणतो. बायको विचारते, जगत नाही तर आणता कशाला. मी कुंडी अर्धी फिरवून ठेवतो.

त्या अठरांपैकी एक डबा वाचला होता. भिंतीच्या आड होता, त्याला फवारा कमी बसला असावा. आईने तो मागच्या दारी नेला आणि शेवटपर्यंत एकटीने सांभाळला. शेवटची दोन वर्षं आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं वहिनीने केलं. भरवणं, धुणं, कुशीवर वळवणं. त्या हातांनी आईला सगळं चालत होतं, फक्त डब्याला पाणी घालायला ती शेजारच्या बाईला हाक मारायला लावायची. आई गेली ती मे महिन्यात. दिवसांच्या गर्दीत एकदा वहिनी मागच्या दाराशी तांब्या घेऊन उभी दिसली. डब्यापासून चार हातांवर. मला म्हणाली, "भाऊजी, तेवढं पानी टाका. माह्या हातानं नोको." मी तांब्या घेतला, तेवढ्यात बाहेर पाहुणे आले म्हणून हाक आली, मी तांब्या भिंतीवर ठेवला आणि विसरलो. तेराव्याला पाहिलं तेव्हा झाड काडी झालं होतं. तांब्या तिथेच होता, पाण्यासकट. वहिनीने तो ओतला नाही की उचलला नाही. डबा नंतर कुणी तरी फेकला.

हे सगळं मी माझ्याबरोबरच घेऊन गेलो असतो. बाबा गेले, आई गेली, विचारणारं कुणी उरलं नव्हतं. पण गेल्या हिवाळ्यात मी गावी गेलो. आता तिथे स्लॅबचं घर आहे, जुना ओटा पाडून तिथे फरशी घातली आहे. नीलेशचं वर्षापूर्वी लग्न झालं. त्याची बायको प्रणाली बी.एस्सी. झालेली, बोलकी, सासूला मम्मी म्हणते. तिने बुलढाण्याच्या नर्सरीतून जिरानियमच्या पाच कुंड्या आणल्या होत्या, लाल, गुलाबी. फरशीवर ओळीने ठेवलेल्या. तिला जुनं काहीच माहीत नव्हतं, रंग आवडला म्हणून आणल्या. मी चहा घेत होतो. प्रणाली झारी घेऊन कुंड्यांकडे निघाली आणि खुर्चीत गहू निवडत बसलेली वहिनी एकदम म्हणाली, "ठेव ती झारी. आज दुसरा दिवस ना तुहा? जिरानीले हात लावू नोको."

प्रणाली हसत म्हणाली, "मम्मी, झाडाले कोन सांगाले जाते?"

"कोनी नाई सांगत, तरी त्याले समजते. मी लावला व्हता चवथ्या दिवशी. अठरा डबे गेले एका हातासरशी. इचार तुह्या काकाले, त्यायनं पाह्यलं हाय."

माझ्या हातात कप होता. प्रणालीने माझ्याकडे वळून विचारलं की काका, तुम्ही तर कृषी खात्यातले, खरं सांगा, असं होतं का? आणि इथेही मी आधी तेच केलं. साहेबासारखं बोललो. नाही, याला काही शास्त्रीय आधार नाही, झाडाला त्याने काही होत नाही, हे सगळे जुने गैरसमज आहेत. प्रशिक्षणात बोलतो तसं, गुळगुळीत, एका दमात. असं बोलायला काहीच लागत नाही.

वहिनीने सूप खाली ठेवलं. तिला राग आला नव्हता, ती खरंच विचारत होती. "मंग माह्या हातानं कसे गेले, भाऊजी?"

मी म्हणालो, "तुमच्या हातानं नाई गेले." आणि मग सांगितलं. दादाने दिलेला पंप, तांब्याभर पाणी, झाकणाखालचा वास, बाबांचा प्रश्न. सांगताना मी सारखा कुंड्यांकडे बघत होतो. संपलं तेव्हा प्रणाली झारी तशीच धरून उभी होती. वहिनीने दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती. गव्हाचा कोंडा लागलेले, जाड शिरांचे हात.

"मले तं वाटे, माह्याच आंगात काई हाय," ती म्हणाली. "नीलेश पोटात व्हता तं रोज वाटे, हेही जाते आता. माह्याच आंगात वाढून राह्यलं ना."

मला वाटत होतं की तिला मनात कुठेतरी शंका असेल. इतकी वर्षं मी त्या शंकेवर जगलो होतो. तिला कधीच शंका आली नव्हती. मी काहीतरी बोलायला गेलो, माझं वय तेव्हा, माझी भीती, असं काही. तिने हात वर करून मला थांबवलं.

"मामंजींनं तुमाले इचारलं व्हतं. मी तिथंच व्हती." मग प्रणालीला म्हणाली, "तुह्या सासऱ्याले बोलाव गोठ्यातून. अन् ती झारी घे, टाक पानी." आणि मला, पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून, "मले एकटीले सांगून काय फायदा? तवा आंगनात सगळे व्हते. खांब तिथं व्हता, थे मोटारसायकल हाय ना, तिथं. तिथं उभे राहा अन् म्हना."

दादा हात पुसत आला. काय झालं ते त्याला कळेना. प्रणाली कुंड्यांशी वाकली होती, मातीत बोट खुपसून बघत होती. हे तिला कुणी शिकवलं, मला माहीत नाही. शेजारची बाई भिंतीवरून डोकावली तेव्हा वहिनीने तिलाही ये म्हणून खूण केली. मी मोटारसायकलच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. टेकायला काही नव्हतं.

"दादा," मी म्हणालो, "बाबानं त्या दिवशी इचारलं व्हतं, पंपाले हात लावला का कोनी. मी लावला व्हता. न धुता. वहिनीचा हात लागाच्या आधीच आईची झाडं गेली व्हती, अन् मले ते मालूम व्हतं. मी खोटं बोललो. वहिनी, तुमी खरं बोलल्या अन् तुमाले भोगू देल्लं मी, आई गेली तरी भोगू देल्लं. माह्यं चुकलं. मले माफ करा."